गोळी तीच, कंपनी दुसरी : औषधातला 'भराव' किती महत्त्वाचा?

जळगाव / धुळे : बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलवर हे दिसते. म्हातारे आबा खिशातून रिकामी पट्टी काढून काउंटरवर ठेवतात. मेडिकलवाला पाहतो, कपाटातून दुसरी पट्टी काढतो. आबा म्हणतात, ही आपली नाही, आपली तर पिवळी होती. उत्तर ठरलेले : "तीच गोयी शे, आबा. फक्त कंपनी दुसरी शे." आबा मान हलवतात, पैसे देतात आणि एसटी पकडतात. घरी गेल्यावर मात्र मनात शंका राहतेच. तीच गोळी म्हणजे खरंच तीच का?

नाव तेच, मिलीग्रॅम तेच असले तर बहुतेक वेळा उत्तर 'हो' असेच आहे. पण काही मोजक्या औषधांत ते 'हो' इतके सरळ नाही. आणि लहान पोरांच्या सिरपमध्ये तर औषध बरोबर असूनही बाटलीतला बाकीचा माल जीव घेऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याने ते सगळ्या देशाला दाखवले. म्हणून गोळीत औषधाशिवाय काय असते आणि त्याचा अंगावर काय परिणाम होतो, हे खेड्यातल्या माणसालाही माहीत असायला हवे.

गोळीत औषध किती, भराव किती?

थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलीग्रॅमचा विसावा भाग. चिमटीतही येणार नाही इतके ते औषध. गोळीचे वजन साधारण १०० मिलीग्रॅम धरले, तर दोन हजार भागांतला एक भाग औषध आणि उरलेला सगळा भराव. पॅरासिटामॉल ५०० चे उलटे आहे, त्यात बहुतांश औषधच असते. पण भराव त्यातही लागतोच, नाहीतर गोळी बांधलीच जाणार नाही.

हा भराव म्हणजे काय? मक्याचा स्टार्च, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंपासून काढलेले सेल्युलोज, गोळी साच्याला चिकटू नये म्हणून चिमूटभर मॅग्नेशियम स्टिअरेट, वरून पातळ लेप आणि रंग. खान्देशातल्या शेतकऱ्याला यातले निम्मे पदार्थ ओळखीचे आहेत. आपल्या वावरातला मका स्टार्चच्या कारखान्यात जातो, धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला असा मोठा कारखाना आहे. मक्याचा स्टार्च हा जगभरच्या गोळ्यांत सर्रास वापरला जातो. तो पोटातल्या पाण्याने फुगतो आणि गोळी फोडतो. गोळी फुटली की औषध मोकळे होते.

औषधशास्त्रात या भरावाला 'निष्क्रिय घटक' म्हणतात, कारण तो स्वतः रोग बरा करत नाही. पण नाव निष्क्रिय असले तरी गोळी किती वेळात फुटायची, औषध किती विरघळायचे आणि आतड्यातून रक्तात किती जायचे, हे बरेचसे त्याच्याच हातात असते.

युरियाच्या गोणीतला धडा

शेतकऱ्याला हे समजवायला लांब जावे लागत नाही. युरिया म्हणजे ४६ टक्के नत्र. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. नत्र तेवढेच राहिले, पण लेपामुळे ते जमिनीत हळूहळू सुटू लागले. गोणीवरचा आकडा तोच, पिकाला मिळण्याचा वेग वेगळा.

फवारणीचेही तसेच. कीटकनाशकाच्या बाटलीवर ईसी, एसएल, डब्ल्यूजी अशी अक्षरे असतात. आतले मूळ विष एकच असले तरी ते कशात कालवले आहे, त्यावर ते पाण्यात कसे मिसळणार आणि पानावर कसे टिकणार हे ठरते. पंपात स्टिकर टाकले की तोच फवारा जास्त काम करतो. स्टिकर काही कीड मारत नाही, पण त्याच्याशिवाय औषध ओघळून जाते. गोळीतला भराव हे गोळीचे स्टिकर समजा.

भराव बदलला आणि माणसे डुलू लागली

१९६८ साली ऑस्ट्रेलियात फिटच्या म्हणजे आकडीच्या रुग्णांना अचानक त्रास सुरू झाला. चक्कर, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे. डोस कोणाचाच वाढवलेला नव्हता. औषध होते फेनिटॉइन. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कळले की कंपनीने कॅप्सूलमधला भराव बदलला होता. आधी कॅल्शियम सल्फेट होते, त्याच्या जागी लॅक्टोज आले. कॅल्शियम सल्फेट औषधाचा काही भाग पोटातच धरून ठेवत होते. लॅक्टोज तसे अडवत नव्हते. तेवढ्याच डोसातून रक्तात जास्त औषध जाऊ लागले आणि माणसांना औषधाचीच विषबाधा झाली.

समजा बदल उलट्या दिशेने झाला असता, तर औषध रक्तात कमी गेले असते आणि बंद झालेल्या फिट परत सुरू झाल्या असत्या. विहिरीच्या काठावर, चुलीजवळ किंवा मोटारसायकलवर फिट आली तर काय होते, ते खेड्यात सांगायची गरज नाही.

१९७१ साली अमेरिकेत हृदयाच्या डिगॉक्सिन गोळीबाबत तसेच आढळले. वेगवेगळ्या गोळ्यांवर मिलीग्रॅमचा आकडा एकच, पण रक्तात पोचणाऱ्या औषधात कित्येक पटींचा फरक. असल्या प्रकरणांनंतरच जगभरच्या औषध यंत्रणा एक गोष्ट शिकल्या : गोळीत औषध किती आहे हे मोजून भागत नाही, रक्तात किती पोचते तेही मोजावे लागते.

सारखेपणा मोजतात कसा?

या मोजणीला बायोइक्विव्हॅलन्स म्हणतात, मराठीत जैवसमतुल्यता. पद्धत साधी आहे. साधारण दोन डझन किंवा जास्त निरोगी माणसे घेतात. निम्म्यांना मूळ कंपनीची गोळी देतात, निम्म्यांना नवीन कंपनीची. ठरावीक तासांनी रक्त काढून औषध मोजतात. काही दिवस मध्ये सोडून गोळ्यांची अदलाबदल करतात. मग दोन गोष्टी पाहतात. रक्तात सगळ्यात जास्त औषध किती चढले आणि एकूण किती पोचले.

नवीन गोळीचे मूळ गोळीशी प्रमाण ८० ते १२५ टक्क्यांच्या आत असले पाहिजे, असा नियम आहे. हा आकडा ऐकून बरेच जण म्हणतात, म्हणजे जेनेरिकमध्ये ८० टक्केच औषध असते! तसे नाही. गोळीत औषध किती असावे याचा नियम वेगळा आणि बराच कडक असतो. ८० ते १२५ ही रक्तातल्या मोजणीची हद्द आहे. नुसती सरासरी त्यात बसून चालत नाही, चुकीची शक्यता धरून जो पल्ला येतो तो सगळाच्या सगळा आत बसावा लागतो. त्यामुळे खरा फरक बहुधा थोडाच निघतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळातले २,०७० अभ्यास तपासले, तेव्हा मूळ आणि जेनेरिक औषधांत रक्तात एकूण पोचण्याचा सरासरी फरक सुमारे साडेतीन टक्के निघाला.

म्हणजे ही चाचणी नीट पास झालेली गोळी, मग ती दहा रुपयांची असो की शंभराची, भरवशाची आहे. ज्या काही औषधांत थोडा फरकही जड जातो, त्यांच्यासाठी युरोपसारख्या ठिकाणी हद्द आणखी आवळून ९० ते १११ टक्के केलेली आहे.

सरासरीत मात्र एक गोष्ट झाकली जाते. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये थायरॉईडच्या एका प्रसिद्ध गोळीतले लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातले. औषध जास्त दिवस टिकावे हा हेतू. चाचणीत नवी गोळी जुन्यासारखीच ठरली. तरीही थकवा, केस गळणे, चक्कर अशा हजारो तक्रारी आल्या आणि प्रकरण कोर्टात गेले. सगळ्या तक्रारी भरावामुळेच होत्या असे कोणी म्हणत नाही. पण गटाची सरासरी जुळली म्हणून प्रत्येक माणसाचे जुळेलच असे नसते, हे तेव्हा दिसले. म्हणून थायरॉईडची कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून घेणे शहाणपणाचे.

आपल्याकडचा नियम उशिरा आला

भारतात पूर्वी नवीन औषधाला पहिली चार वर्षे अशी चाचणी लागायची. त्यानंतर तेच औषध बनवणाऱ्या कंपनीला राज्याच्या औषध प्रशासनाकडून परवाना मिळे आणि रक्तातल्या चाचणीचा पुरावा सक्तीचा नसे. एप्रिल २०१७ मध्ये केंद्राने नियम बदलला. औषधांचे चार गट पाडलेले आहेत : पाण्यात किती विरघळते आणि आतड्यातून किती सहज पार होते, यावर. जी औषधे नीट विरघळत नाहीत, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या गटातली, त्यांच्या तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या-कॅप्सूलच्या परवान्यासाठी जैवसमतुल्यतेचा पुरावा सक्तीचा झाला. हेच गट निवडले याचे कारण सरळ आहे. औषध मुळातच नीट विरघळत नसेल तर सगळा भार भरावावर येतो. फिटचे फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन त्यातलेच.

नियम चांगला आहे, पण २०१७ च्या आधी परवाना घेतलेल्या कितीतरी गोळ्या बाजारात आहेत. त्यातल्या कोणाची चाचणी झाली आणि कोणाची नाही, हे पट्टीवर लिहिलेले नसते. भराव कोणता वापरला हेही बहुतेक पट्ट्यांवर नसते, फार तर रंगाचे नाव असते. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती, तेल कोणते ते छापलेले असते. गोळीच्या पट्टीवर ते नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नावानेच चिठ्ठी लिहिण्याची सक्ती केली. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे, नावापुढे कंपनी लिहिली नाही तर कोणती गोळी द्यायची ते मेडिकलवाला ठरवेल आणि दर्जाची हमी कोण देणार? त्याच महिन्यात तो नियम स्थगित झाला. दोन्ही बाजूंना आपापले हितसंबंध आहेत, हे उघड आहे. पण मधल्या रुग्णाचा प्रश्न तसाच राहिला : स्वस्त गोळी महागाइतकीच चालते याचा कागद कुठे आहे?

केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या औषधांची यादी जाहीर करते. त्या यादीत नापासाचे एक नेहमीचे कारण दिसते ते 'डिसोल्यूशन', म्हणजे गोळी ठरलेल्या वेळेत विरघळलीच नाही. अशा गोळीत औषध असते, पण ती फुटायच्या आतच शरीराबाहेर जाऊ शकते. बनावट गोळीची गोष्ट वेगळी. नागपूर आणि अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयांना बनावट अँटिबायोटिक पुरवल्याची जी प्रकरणे गेल्या काही वर्षांत गाजली, त्यात मूळ औषधच नसल्याचा आरोप होता. बनावट हा थेट गुन्हा आहे. न विरघळणारी गोळी हा त्यापेक्षा गुपचूप चालणारा तोटा आहे, कारण रुग्णाला वाटते आपण औषध घेतोय.

सिरपची बाटली : औषध बरोबर, पातळ केले कशात?

गोळीत भराव चुकला तर औषध कमी-जास्त पोचते. सिरपमध्ये भराव चुकला तर तोच विष होतो. छिंदवाडा जिल्ह्यात परासिया भागात सप्टेंबर २०२५ पासून लहान मुलांच्या किडन्या निकामी होऊ लागल्या. सर्दी-खोकला म्हणून त्यांना कोल्ड्रिफ नावाचे सिरप दिले होते. तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या श्रीसन फार्मास्युटिकल कंपनीचे ते उत्पादन. तामिळनाडूच्या औषध विभागाने एसआर-१३ हा बॅच तपासला, त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघाले. मान्य हद्द आहे ०.१ टक्का. वीसहून जास्त मुले गेली. कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्या बॅचबाबत राज्यभर इशारा दिला. कंपनीच्या मालकाला अटक झाली, परवाना रद्द झाला.

सिरपमधले औषध पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात. हे गोडसर, घट्ट पातळ पदार्थ. औषधी दर्जाचा माल महाग, कारखान्यात वापरायचा स्वस्त. स्वस्त मालात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असू शकते. दिसायला तसेच, चवीला गोड. आईला, डॉक्टरला, मेडिकलवाल्याला डोळ्यांनी ते कळूच शकत नाही. ते फक्त प्रयोगशाळेत कळते, आणि कच्चा माल वापरण्याआधी तपासणे हे कंपनीचे काम.

महाराष्ट्राला हा धडा चाळीस वर्षांपूर्वीच मिळाला होता. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूतला दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरीन दिले होते, त्यात हेच डायइथिलीन ग्लायकॉल निघाले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि खरेदी, पुरवठा, तपासणी अशा सगळ्या पायऱ्यांवरचा सडका कारभार उघडा पाडला. त्याच्याही आधी १९३७ मध्ये अमेरिकेत याच पदार्थात कालवलेल्या औषधाने शंभरावर माणसे गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला. २०२२ मध्ये गांबिया देशात भारतातून गेलेल्या सिरपमुळे मुले दगावल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला होता. विष तेच आणि चूकही तीच, फक्त गाव बदलते.

रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांची हद्द मध्य प्रदेशला लागून आहे. दवाखाना, बाजार, नातीगोती दोन्हीकडे. त्यामुळे छिंदवाडा लांब आहे असे म्हणून चालणार नाही. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितले की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांच्या आतही ती सहसा देऊ नयेत. बहुतेक लेकरांचा सर्दी-खोकला आपोआप बरा होतो. पाणी पाजणे, आराम, आणि श्वास जोरात चालू लागला किंवा लघवी कमी झाली तर लगेच दवाखाना. 'मागच्या वेळची बाटली उरलीय' म्हणून चमचा भरून देणे बंद करायला हवे.

टीबीच्या गोळ्यांचे काय?

आदिवासी पट्ट्यात आणि गावोगाव टीबीचे रुग्ण सरकारी गोळ्यांवर आहेत. २०१७ पासून देशभर रोज घ्यायची एकत्रित गोळी सुरू झाली, एकाच गोळीत तीन-चार औषधे. त्यातले रिफाम्पिसिन हे सगळ्यात नाजूक. ते कसे दळले, कोणत्या स्फटिकरूपात आहे, सोबत काय मिसळले, यावर रक्तात किती जाणार ते ठरते. म्हणूनच १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की रिफाम्पिसिन रक्तात नीट पोचते हे सिद्ध झालेल्याच एकत्रित गोळ्या वापराव्यात. रक्तात औषध कमी गेले तर जंतू मरत नाहीत, शिकतात. मग साधा टीबी न ऐकणारा टीबी होतो.

रुग्णाच्या हातात यातली एक गोष्ट आहे. जेवणाने रिफाम्पिसिनचे शोषण कमी होते, म्हणून या गोळ्या शक्यतो उपाशीपोटी घ्यायला सांगतात. मळमळ होत असेल तर आशाताईला किंवा डॉक्टरला विचारून वेळ ठरवावी. गोळी मनाने बंद मात्र करायची नाही.

घरात होणाऱ्या चुका

कंपनीने भराव अगदी नीट बनवला, तरी घरात आपण तो बिघडवू शकतो.

पहिली चूक, गोळी फोडणे. शुगरच्या आणि बीपीच्या बऱ्याच गोळ्यांच्या नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असते. म्हणजे भरावाची अशी जाळी केलेली असते की औषध दिवसभर थोडे थोडे सुटावे. मोठी आहे, गिळवत नाही म्हणून ती कुटून पाण्यातून दिली तर दिवसभराचा डोस एकदम सुटतो. ठिबकच्या नळीला भोक पाडून सगळे पाणी एकाच झाडाला सोडण्यासारखे ते आहे. काही गोळ्यांना पोटातल्या आम्लात न फुटणारा लेप असतो, त्याही फोडायच्या नाहीत. गिळता येत नसेल तर डॉक्टरला सांगावे, तेच औषध दुसऱ्या रूपात मिळू शकते.

दुसरी चूक, ऊन आणि ओल. बऱ्याच पट्ट्यांवर ३० अंशांखाली, काहींवर २५ अंशांखाली ठेवा असे लिहिलेले असते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या घरात, खिडकीच्या कट्ट्यावर, मोटारसायकलच्या डिकीत गोळ्या राहतात. पावसाळ्यात उलटा त्रास. फिटची कार्बामाझेपिन ही गोळी ओल लागली की कडक होते. औषध आत पूर्ण असते, पण गोळी नीट फुटत नाही आणि रक्तात पोचणारे औषध एक तृतीयांशापर्यंत घटू शकते, असे अमेरिकेत आढळले होते. म्हणून आठवड्याच्या गोळ्या एकदम सोलून डबीत भरून ठेवू नयेत. पट्टीतून काढावी ती खायच्या वेळीच. माठाजवळ किंवा मोरीजवळ औषध ठेवू नये. घरातल्या थंड, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात, पोरांचा हात पुरणार नाही असे ठेवावे.

तिसरी चूक, पाण्यात फसफसणारी गोळी रोजची करणे. ती फसफसते सोडियमच्या क्षारामुळे. काही गोळ्यांत एकीत सुमारे ४०० मिलीग्रॅम सोडियम असते. बीपी आणि हृदयाच्या रुग्णाने मीठ कमी केले आणि दिवसाला चार फसफसत्या गोळ्या घेतल्या, तर पथ्याचा उपयोग काय?

चौथी, थायरॉईडची गोळी चहा-नाश्त्यासोबत घेणे. ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याने घ्यायची आणि लोह-कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची. गरोदर बाईंना हे आवर्जून सांगायला हवे, कारण त्यांना दोन्ही गोळ्या एकाच वेळी चालू असतात.

मग स्वस्त गोळी घ्यावी की नाही?

घ्यावी. कापसाचा भाव पडलेला, केळीवर करपा, आणि घरात दोन माणसे शुगर-बीपीची. अशा घराला महिन्याचा औषधाचा खर्च निम्म्यावर आला तर तो फरक मोठा आहे. जन औषधी केंद्रात गोळ्या कंपनीच्या नावाच्या मालापेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त मिळतात, आणि तिथे येणारा प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासला जातो असे योजनेचे धोरण आहे. महाग म्हणजे चांगली हा समज चुकीचा आहे. महागडी गोळी परवडत नाही म्हणून महिन्यातले दहा दिवस नागा करणारा रुग्ण, रोज स्वस्त गोळी घेणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

सावध राहायचे ते मोजक्या औषधांत, जिथे थोडा फरकही जड जातो. फिटची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, थायरॉईडची गोळी, रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन, हृदयाची डिगॉक्सिन, मानसिक आजाराची लिथियम, किडनी बदललेल्यांची सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस. यांतही स्वस्त घ्यायला हरकत नाही. फक्त एकदा जी कंपनी लागू पडली ती महिन्या-महिन्याला बदलायची नाही, आणि बदलावीच लागली तर डॉक्टरला सांगून, गरज पडल्यास रक्त तपासून.

ग्राहकाने एवढे करावे :

- पक्के बिल घ्यावे, त्यावर बॅच नंबर पाहावा. बिलाशिवाय तक्रार टिकत नाही.
- रिकामी पट्टी महिनाभर ठेवावी. कंपनी बदलल्यावर त्रास झाला तर डॉक्टरला दोन्ही पट्ट्या दाखवता येतात.
- जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे. मोबाइलने स्कॅन करून कंपनी, बॅच, मुदत जुळते का ते पाहावे. जुळले म्हणजे दर्जा सिद्ध झाला असे नाही, पण न जुळणे ही धोक्याची खूण.
- संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवावे. औषधाचा दुष्परिणाम झाला तर १८००-१८०-३०२४ वर नोंद करता येते.
- औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणीही नागरिक फी भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेऊ शकतो. ग्रामपंचायत किंवा ग्राहक संघटनाही हे करू शकते. हा हक्क फारसा कोणी वापरत नाही.

प्रश्न सरकारला

शेतकरी बियाण्याची पिशवी घेताना उगवणशक्ती किती टक्के ते वाचतो. ते पिशवीवर छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि उगवले नाही तर कृषी विभागाकडे तक्रार होते, पंचनामा होतो. औषधाच्या पट्टीवर मात्र 'जैवसमतुल्यता तपासली' अशी एक ओळही नसते. तेवढी ओळ आणि भरावाची यादी छापायला कंपनीला फार खर्च येणार नाही. ती ओळ आली तर डॉक्टरला कंपनीच्या नावामागे लपता येणार नाही, मेडिकलवाल्याला वाट्टेल ती पट्टी देता येणार नाही, आणि चांगली स्वस्त गोळी बनवणाऱ्या कंपनीला तिचा मान मिळेल.

तोपर्यंत आबांनी एवढे करावे. जुनी पट्टी खिशात ठेवावी, 'कंपनी का बदलली' हे मेडिकलवाल्याला विचारावे, आणि तब्येतीत फरक वाटला तर पुढच्या बाजाराची वाट न पाहता दवाखाना गाठावा.